पाण्यात गोटी सोडायचा प्रयोग: उत्तर दरवेळी भलतंच का येतं आणि काय काय तपासायचं

पाण्यात गोटी सोडायची, वेळ मोजायची, अंतिम वेग (पुढे न वाढता जो कायम राहतो तो) काढायचा, तो स्टोक्सच्या सूत्रात टाकायचा आणि पाण्याची व्हिस्कॉसिटी (द्रवाचा चिकटपणा) काढायची. ऐकायला एकदम सरळ प्रयोग आहे, म्हणूनच प्रोजेक्टसाठी खूप जण हाच घेतात, आणि मग शेवटी उत्तर येतं ०.२५ पास्कल-सेकंद की असंच काहीतरी. पाण्याची खरी व्हिस्कॉसिटी २० अंश सेल्सिअसला ०.००१ पास्कल-सेकंद आहे, म्हणजे तुमचं उत्तर अडीचशे पट जास्त. मग परत रीडिंग घेतात, परत तेच येतं, मग सिलिंडर बदलतात, गोटी बदलतात, सरासरी काढतात, तरी तेच. हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो म्हणून सगळं एकदा नीट लिहून ठेवतोय.

पहिली गोष्ट, बहुतेक वेळा तुमचा हात चुकत नाहीये. रीडिंग ठीकठाक असतात, सूत्रच त्या ठिकाणी लागू होत नाही. स्टोक्सने १८५१ मध्ये जो नियम मांडला (रोधक बल, म्हणजे द्रव गोटीला अडवतो ते बल, वेगाच्या प्रमाणात) तो फक्त अगदी संथ, सरपटत जाणाऱ्या प्रवाहासाठी आहे. तो लागू होतो की नाही हे ठरवायला रेनॉल्ड्स नंबर काढायचा: वेग गुणिले व्यास गुणिले द्रवाची घनता, भागिले व्हिस्कॉसिटी. हा आकडा १ च्या बराच खाली असेल तरच स्टोक्स वापरायचा, १ पर्यंत पोचेपर्यंतच दहा-पंधरा टक्क्यांचा फरक पडायला लागतो. आता १६ मिमी व्यासाची काचेची गोटी घ्या, पाण्यात तिचा अंतिम वेग साधारण ०.८५ मीटर प्रति सेकंद असतो, त्यावरून रेनॉल्ड्स नंबर येतो १३,५०० च्या आसपास. १ कुठे आणि १३,५०० कुठे!

अजून पटत नसेल तर उलटं करून बघा. काचेची घनता २५०० किलो प्रति घनमीटर धरा आणि त्याच गोटीचा अंतिम वेग स्टोक्सच्या सूत्राने काढा. २०९ मीटर प्रति सेकंद येतो, म्हणजे ताशी साडेसातशे किलोमीटर. पाण्यात बुडणारी गोटी. हे गणित प्रयोगाच्या आधी पाच मिनिटं काढून केलं असतं तर पुढचा सगळा वैताग वाचला असता, त्यामुळे माझं ठाम मत आहे की या प्रयोगाची सुरुवात सिलिंडर भरण्यापासून नाही, रेनॉल्ड्स नंबरपासून करायची.

मग करायचं काय? दोन रस्ते आहेत.

एक, पाणी आणि गोटी तीच ठेवा पण सूत्र बदला. या वेगाला रोधक बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात जातं कारण गोटीच्या मागे भोवरे तयार होतात आणि पाणी बाजूला ढकलण्यातच सगळी ताकद जाते, व्हिस्कॉसिटीचा थेट वाटा फारच कमी उरतो. अंतिम वेगाचा वर्ग म्हणजे ४ गुणिले जी (गुरुत्व त्वरण) गुणिले व्यास गुणिले (गोटीची घनता वजा पाण्याची घनता), आणि या सगळ्याला भागायचं ३ गुणिले ड्रॅग कोइफिशंट (वस्तूचा आकार प्रवाहाला किती अडवतो ते सांगणारा आकडा) गुणिले पाण्याची घनता याने. तुम्ही अंतिम वेग मोजा आणि ड्रॅग कोइफिशंट काढा. गुळगुळीत गोलासाठी रेनॉल्ड्स नंबर साधारण हजार ते एक लाख या पट्ट्यात असेल तर तो ०.४ ते ०.५ च्या दरम्यान यायला पाहिजे. हा सुद्धा पूर्ण प्रयोगच आहे आणि व्हिस्कॉसिटीवाल्यापेक्षा जास्त शिकवणारा आहे असं मला वाटतं.

दोन, स्टोक्सच पाहिजे असेल (सिलॅबसमध्ये तेच लिहिलंय म्हणून, किंवा सर ऐकत नाहीत म्हणून) तर पाणी सोडा आणि ग्लिसरीन घ्या. ३ मिमीचा स्टीलचा छर्रा २० अंशाच्या ग्लिसरीनमध्ये सेकंदाला जेमतेम सव्वादोन सेंटिमीटर खाली जातो, रेनॉल्ड्स नंबर ०.०६, म्हणजे स्टोक्स खुशाल वापरा. पाण्यातच स्टोक्स बघायचा हट्ट असेल तर ०.१ मिमीचे काचेचे कण लागतील, तेही सेकंदाला ८ मिमीने खाली येतात आणि तिथेही रेनॉल्ड्स नंबर ०.८ असतो, म्हणजे काठावरच.

तुमचा डेटा नेमका कोणत्या नियमाने चाललाय ते कळायला एक चांगली चाचणी आहे. एकाच मटेरियलच्या तीन-चार वेगवेगळ्या व्यासाच्या गोट्या घ्या, अंतिम वेग मोजा, आणि दोन्ही अक्षांवर लॉग घेऊन वेग विरुद्ध व्यास असा ग्राफ काढा. चढ २ आला तर स्टोक्स, अर्धा आला तर वर्गाचा नियम. पाण्यातल्या गोट्यांना अर्ध्याच्या आसपासच येतो. हा एक ग्राफ रिपोर्टमध्ये लावला की पुढचं सगळं बोलणं सोपं होतं.

आता सूत्र बरोबर घेतलं तरी गडबड होतेच. तेव्हा ड्रॅग कोइफिशंटचा आकडा किती आलाय त्यावरून चूक कुठे आहे ते बऱ्यापैकी ओळखता येतं (बरोबर उत्तर ०.४४ धरून पुढचे आकडे दिलेत).

०.२२ च्या आसपास आला तर तुम्ही सूत्रात व्यासाच्या जागी त्रिज्या टाकली आहे, दुसरं काही शोधत बसू नका.

०.७३ च्या आसपास आला तर प्लावक बल (पाणी गोटीला वर ढकलतं ते) वजा करायचं राहून गेलंय. काचेच्या गोटीला ही चूक फार महाग पडते: १६ मिमीच्या गोटीचं आकारमान २.१४ घन सेमी, वस्तुमान ५.४ ग्रॅम, म्हणजे वजन ०.०५३ न्यूटन, आणि त्यातलं ०.०२१ न्यूटन पाणीच उचलून धरतं. चाळीस टक्के गेलं. खाली ओढणारं निव्वळ बल उरतं ०.०३२ न्यूटन आणि अंतिम वेगाला रोधक बल याच्याइतकंच असतं. स्टीलच्या छर्‍यात हीच चूक लपून जाते कारण तिथे फरक फक्त पंधरा टक्क्यांचा पडतो, उत्तर ०.५ येतं आणि सगळे खूश. म्हणून काचेची गोटी आणि स्टीलचा छर्रा दोन्ही करून बघा, दोन्हीकडे ड्रॅग कोइफिशंट सारखा आला पाहिजे. नाही आला तर प्लावक बलाच्या हिशोबात घोळ आहे.

इथेच एक गैरसमज सांगून टाकतो कारण व्हायवात हमखास निघतो. गोटी जशी खोल जाते तसं प्लावक बल वाढत जातं असं बऱ्याच जणांना वाटतं. खोलीबरोबर दाब वाढतो हे खरंय, पण गोटीच्या वरच्या आणि खालच्या बाजूच्या दाबातला फरक तेवढाच राहतो आणि प्लावक बल त्या फरकामुळे असतं. पूर्ण बुडालेल्या गोटीवर ते वरपासून खालपर्यंत सारखंच. वाढतं ते रोधक बल, आणि ते वेगामुळे.

०.७८ वगैरे आला आणि प्लावक बल तर बरोबर धरलंय, तर मग तुम्ही पाण्याच्या पृष्ठभागापासून तळापर्यंतचं अंतर भागिले एकूण वेळ असं केलंय. तो सरासरी वेग आहे, अंतिम वेग नाही. ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो. १६ मिमीची गोटी पाण्याखाली स्थिर धरून सोडली तर अंतिम वेगाच्या ९५ टक्क्यांपर्यंत पोचायला तिला साधारण १७ सेमी लागतात आणि ९९ टक्क्यांसाठी २९ सेमी. तुमचा सिलिंडर जर ३० सेमीचा असेल तर गोटी अंतिम वेगाला पोचते न पोचते तोच तळ येतो! एवढ्या अंतराला वेळ लागतो ०.४७ सेकंद, सरासरी वेग येतो ०.६३, आणि त्याचा वर्ग होत असल्यामुळे ड्रॅग कोइफिशंट ०.४४ ऐवजी ०.७८ होऊन बसतो. १६ मिमीच्या स्टीलच्या छर्‍याला तर ९९ टक्क्यांसाठी जवळपास ८० सेमी पाणी लागतं. त्यामुळे एक तर उंच पारदर्शक पाइप घ्या, खाली बूच लावा आणि तळाजवळचं २०-३० सेमी अंतरच मोजणीला वापरा, किंवा मग गोळी लहान करा. ३ मिमीच्या स्टीलच्या छर्‍याला १५ सेमी पुरतात. पाइप मिळत नसेल तर लहान छर्रा हा सगळ्यात सोपा इलाज.

स्टॉपवॉच इथे चालत नाही. माणसाचं बटण दाबण्याचं रिअॅक्शनच ०.२ सेकंदाच्या घरात असतं आणि तुम्ही मोजताय ०.४७ सेकंद. कितीही सरासरी काढा, सुरुवातीला आणि शेवटी होणारा उशीर सारखा नसेल तर तो फरक जात नाही. मोबाइलवर व्हिडिओ घ्या. साध्या ३० फ्रेमच्या व्हिडिओत दोन फ्रेममध्ये गोटी पावणेतीन सेमी पुढे जाते आणि शिवाय ती लांबुडकी, पुसट दिसते, त्यामुळे स्लो मोशन २४० फ्रेमवर ठेवा, तिथे हेच अंतर साडेतीन मिमी होतं. भरपूर उजेड द्या म्हणजे शटर लवकर बंद होतं आणि गोटी स्पष्ट दिसते. मागे गडद कापड आणि पांढरी गोटी किंवा उलट. मग ट्रॅकर नावाचं फ्री सॉफ्टवेअर आहे त्यात फ्रेम-फ्रेमने गोटीची जागा मार्क करा आणि वेग विरुद्ध वेळ असा ग्राफ काढा. हा ग्राफ आडवा झाला तरच अंतिम वेग मिळालाय असं म्हणायचं. शेवटपर्यंत चढतच असेल तर पाणी कमी पडतंय.

कधी कधी ग्राफ उलटा दिसतो, वेग आधी जास्त आणि मग कमी कमी होत जातो, आणि लोक घाबरतात की कॅमेरा बिघडला की काय. बिघाड काही नाही, गोटी पाण्याच्या वरून सोडली आहे. ५ सेमी वरून सोडली तरी पाण्याला लागताना तिचा वेग ०.९९ मीटर प्रति सेकंद असतो, म्हणजे अंतिम वेगापेक्षा जास्तच, मग पाण्यात शिरल्यावर ती मंदावणार नाही तर काय. वर आणि पाण्यात शिरताना हवेचा खिसा सोबत ओढून नेते, बुडबुडे चिकटतात, ते वेगळंच. त्यामुळे गोटी चिमट्यात धरून पूर्ण पाण्याखाली न्यायची, पाणी शांत व्हायची वाट बघायची आणि चिमटा अलगद उघडायचा. बोटांनी सोडली की गिरकी बसते आणि गिरकी घेणारी गोटी सरळ न जाता एका बाजूला वळते. भिंतीला घासली की ते रीडिंग सरळ रद्द करायचं, "थोडीशीच लागली" म्हणून ठेवायचं नाही.

व्हिडिओतली अजून एक भानगड म्हणजे पट्टी कुठे लावली. बरेच जण पट्टी टाकीच्या पुढच्या काचेवर बाहेरून चिकटवतात आणि गोटी पडते तिच्या मागे १० सेमीवर. कॅमेरा काचेपासून १ मीटरवर असेल तर गोटीचं प्रत्येक अंतर साधारण ७ टक्के कमी दिसतं (पाण्यामुळे १० सेमी हे साडेसात सेमी असल्यासारखं वागतं, नाहीतर फरक १० टक्के झाला असता). वेग ७ टक्के कमी म्हणजे ड्रॅग कोइफिशंट १५ टक्के जास्त. उपाय साधा आहे, पट्टी पाण्याच्या आत, गोटी ज्या रेषेत पडते त्याच अंतरावर उभी ठेवा. आणि गोल सिलिंडरमध्ये गोटी आडवी फुगलेली दिसते, तेव्हा व्हिडिओवरून व्यास कधीच मोजू नका, व्हर्नियर किंवा स्क्रू गेज वापरा, दोन-तीन दिशांनी मोजा कारण गोट्या पूर्ण गोल असतातच असं नाही.

आता तो प्रश्न ज्यात चांगले चांगले अडकतात. "सुरुवातीचं त्वरण सूत्रापेक्षा कमी येतंय, रोधक बल तर तेव्हा शून्य असतं, मग कमी का?" हिशोब असा करतात: निव्वळ बल भागिले गोटीचं वस्तुमान, काचेसाठी जी चं ०.६ पट, म्हणजे ५.९ मीटर प्रति सेकंद वर्ग. ग्राफवरून मात्र ५ च्या जवळ येतं. कारण गोटी एकटी वेग घेत नाही, तिला जागा करून द्यायला आजूबाजूच्या पाण्यालाही वेग घ्यावा लागतो आणि त्या पाण्याचं ओझं गोटीवरच येतं. याला अॅडेड मास म्हणतात, आणि गोलासाठी ते विस्थापित पाण्याच्या वस्तुमानाच्या बरोबर अर्धं असतं. ते धरलं की भागाकार होतो १५०० (घनतांचा फरक) भागिले ३००० (काचेचे २५०० अधिक पाण्याचे अर्धे, ५००), म्हणजे जी चं अर्धं, ४.९. ग्राफशी जुळतं.

हे मनावर ठसवायचं असेल तर खाली पडणारी वस्तू सोडा आणि वर येणारी घ्या. टेबल टेनिसचा बॉल: ४० मिमी व्यास, २.७ ग्रॅम. अॅडेड मास विसरून त्वरण काढलं तर जी च्या अकरा पटीहून जास्त येतं, धरून काढलं तर फक्त जी च्या १.६ पट. एवढा मोठा फरक साध्या मोबाइलच्या व्हिडिओतही लगेच दिसतो. फक्त सुरुवातीच्या मोजक्याच फ्रेम बघायच्या, आणि वर येणारा हलका बॉल पुढे नागमोडी चालतो त्याचं टेन्शन घ्यायचं नाही, ते मागून सुटणाऱ्या भोवऱ्यांमुळे होतं.

प्लास्टिकच्या हलक्या गोळ्या वापरणाऱ्यांची तक्रार वेगळी असते, एकच गोळी दरवेळी वेगळ्या वेगाने जाते. तिथे बुडबुडे बघा. ६ मिमीची पॉलिस्टायरीनची गोळी (घनता १.०५ ग्रॅम प्रति घन सेमी) पाण्यापेक्षा जेमतेम साडेपाच मिलिग्रॅमने जड असते. तिला १ मिमीचा एक बुडबुडा चिकटला तर त्यातले नऊ टक्के गेले, २ मिमीचा चिकटला तर जवळपास पाऊण वजन गेलं! काचेच्या गोटीला अशा बुडबुड्याने काही फरक पडत नाही, इथे मात्र सगळा निकालच बदलतो. गोळी आधी साबणाच्या पाण्यात बुडवून बोटाने पुसून घ्या, पाण्यातही भांडी घासायच्या लिक्विडचा एखादा थेंब चालतो, आणि नळाचं ताजं पाणी लगेच वापरू नका, उकळून गार केलेलं घ्या नाहीतर रात्रभर ठेवलेलं, कारण ताज्या पाण्यातली हवा हळूहळू सुटून गोळीवर बसते. मीठ विरघळलेलं पाणी तर अजिबात नको, सुमारे ७ टक्के मिठाच्या पाण्याची घनताच १.०५ होते आणि गोळी तरंगायला लागते (मुद्दाम करून बघायला मात्र मस्त आहे).

घनता पुस्तकातून उचलू नका, मोजा. एक गोटी मेजरिंग सिलिंडरमध्ये टाकून दोन मिलीचा फरक वाचणं म्हणजे अंदाजपंचे काम, कमीत कमी वीस गोट्या एकदम टाका. त्याहून चांगली पद्धत म्हणजे डिजिटल काट्यावर पाण्याचं बीकर ठेवा, काटा शून्य करा, गोटी बारीक दोऱ्याला बांधून पूर्ण बुडवा पण तळाला टेकू देऊ नका. काटा जेवढे ग्रॅम दाखवेल जवळपास तेवढेच घन सेमी गोटीचं आकारमान. पाणी गोटीला वर ढकलतं तेवढंच गोटी पाण्याला खाली ढकलते, तेच काट्यावर दिसतं. गोटी तळाला टेकली तर तिचं उरलेलं वजनही काट्यावर येतं आणि आकडा एकदम दुपटीच्याही वर जातो, तेव्हा असं झालं तर दोरा बघा.

ग्लिसरीन घेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. तापमान लिहिल्याशिवाय रीडिंगला अर्थ नाही, २० अंशाला व्हिस्कॉसिटी १.४१ पास्कल-सेकंद असते ती ३० अंशाला ०.६१ वर येते, म्हणजे अर्ध्याहून कमी, तेव्हा सकाळची आणि दुपारची रीडिंग एकत्र करू नका. ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढून घेतं आणि पातळ होतं, बाटली आणि सिलिंडर झाकून ठेवा, छर्रे कोरडे करूनच टाका. दुसरं म्हणजे भिंती. ४० मिमी रुंदीच्या सिलिंडरमध्ये ३ मिमीचा छर्रा मधोमध सोडला तरी भिंतींमुळे तो १५ टक्क्यांच्या आसपास हळू जातो आणि व्हिस्कॉसिटी साधारण १८ टक्के जास्त येते. मोजलेल्या वेगाला १ अधिक २.४ गुणिले (छर्‍याचा व्यास भागिले सिलिंडरचा आतला व्यास) याने गुणायचं. पाण्यातल्या मोठ्या गोटीला हे सूत्र चालत नाही, तिथे सरळ रुंद भांडं घ्या, गोटीच्या दहापट रुंद असेल तर उत्तम.

एवढं सगळं करूनही ड्रॅग कोइफिशंट बरोबर ०.४४ येणार नाही, ०.४० येईल नाहीतर ०.४८ येईल, आणि तो तसाच लिहा. वेगात ५ टक्के अनिश्चितता असेल तर वर्गामुळे तिचे १० टक्के होतात, त्यात व्यासाची आणि घनतांच्या फरकाची भर पडते. कोणत्या रीडिंगमधून किती टक्के आले ते ओळीने मांडा. आकडे दाबून ०.४४ आणलेला रिपोर्ट परीक्षकाला एका प्रश्नात कळतो, कारण तुमच्याच व्हिडिओतल्या फ्रेम मोजून तो वेग परत काढू शकतो.